कण्हेर दारात असू द्या, औषधाच्या डबीत नको

दारातली कण्हेर काढून टाकायची का? २०२४ च्या उन्हाळ्यात केरळमधून एक बातमी आली आणि हा प्रश्न पुन्हा वर आला. नोकरीसाठी ब्रिटनला निघालेली एक तरुण परिचारिका विमानतळावर कोसळली आणि पुढे दगावली. निघण्याआधी फोनवर बोलता बोलता तिनं घराजवळच्या कण्हेरीचं पान की फूल चावलं होतं आणि मृत्यू त्यामुळेच झाला असावा, असा संशय होता. त्यानंतर मे महिन्यात त्रावणकोर आणि मलबार इथल्या देवस्वम मंडळांनी आपल्या देवळांतल्या नैवेद्यात आणि प्रसादात कण्हेरीची फुलं वापरणं बंद केलं.

माझं उत्तर: काढू नका. पाणी कमी, ऊन रणरणतं, माती कशीही असो, वर्षातले बहुतेक महिने फुलणारं दुसरं झुडूप शोधून दाखवा. महामार्गाच्या दुभाजकांवर ती लावतात तीही याच गुणांसाठी, शिवाय मोकाट गुरं तिला तोंड लावत नाहीत म्हणून. काढून टाकायचे आहेत ते तिच्यावरून चालत आलेले घरगुती इलाज. झाडापेक्षा मला त्यांची काळजी जास्त वाटते, कारण झाडाजवळ नुसतं उभं राहून कुणाला काही होत नाही. काढा करून प्यायल्यावर होतं.

आधी झाड नीट ओळखू या. आपल्याकडे 'कण्हेर' या नावानं दोन वेगळी झाडं वावरतात. गुलाबी, लाल किंवा पांढऱ्या फुलांची ती खरी कण्हेर, संस्कृतातलं करवीर. पानं लांबट, जाड, चामड्यासारखी, मधली शीर ठळक आणि एकेका पेरावर बहुधा तीन-तीन. शेंगा बारीक लांब, वाळून फुटल्या की केसाळ बिया उडतात. दुसरी पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. हिची फुलं पिवळी किंवा फिकट नारिंगी, घंटेसारखी. पानं अरुंद, चकचकीत, एकाआड एक. पान तोडलं की पांढरा दुधासारखा चीक येतो. फळ हिरवं, कंगोरेदार, पिकल्यावर काळं पडतं आणि आत एक टणक त्रिकोणी आठळी असते. बिट्टी मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. त्यामुळे प्राचीन आयुर्वेदात करवीराचे म्हणून जे गुण सांगितले आहेत ते तिला परस्पर चिकटवणं चूकच, पण लोक चिकटवतात. विषाच्या बाबतीत मात्र दोघी सख्ख्या बहिणी, आणि बिट्टीची बी त्यात सगळ्यात वाईट.

विष कसलं, हे कळलं तर पुढचं सगळं सोपं होतं. कण्हेरीत ओलिअँड्रिन आणि बिट्टीत थेव्हेटिनसारखी द्रव्यं असतात. हृदयविकारात दिल्या जाणाऱ्या डिगॉक्सिनच्या कुळातलीच ही द्रव्यं. पेशीच्या पडद्यावर सोडियम बाहेर काढून पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. ही द्रव्यं तो अडवतात. हृदयाच्या स्नायूपेशींत कॅल्शियम साठतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं, ठोके मंदावतात, वेडेवाकडे पडतात, कधी हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याकडे संदेशच पोचत नाही. यालाच डॉक्टर हार्ट ब्लॉक म्हणतात. मूळ, साल, पान, फूल, बी, चीक, सगळ्यांत विष आहे. उकळल्यानं ते जात नाही आणि वाळवल्यानंही जात नाही.

"पण याच कुळातलं औषध डॉक्टरही देतात ना?" हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. देतात. डिगॉक्सिनची नेहमीची गोळी पाव मिलिग्रॅमची असते, म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग. एवढ्या बारीक मोजमापानंही वयस्क माणसांना, मूत्रपिंडं अधू असलेल्यांना ती जास्त होऊ शकते, म्हणून डॉक्टर नाडी, क्रिएटिनिन, पोटॅशियम बघत राहतात. पिवळ्या कण्हेरीतल्या पेरुव्होसाइड या द्रव्यावर हृदयाच्या औषधासाठी गेल्या शतकात भारतात आणि जर्मनीत कामही झालं. पण तिथे द्रव्य वेगळं काढून, शुद्ध करून, तोलून दिलं जात होतं. तुमच्या परसातल्या पाच पानांत ते किती आहे हे झाडाच्या वाणावर, ऋतूवर, पानाच्या वयावर ठरतं आणि ते घरात मोजायचं कुठलंच साधन नाही. गेल्या खेपेला काही झालं नाही, म्हणून या खेपेलाही होणार नाही, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

लोक कण्हेर कशाकशाला वापरतात

यादी लांब आहे आणि तिची टिंगल करण्याचं कारण नाही. डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर होता तेव्हा हाती जे होतं ते लोकांनी वापरलं. सगळ्यात जुना आणि सगळीकडे आढळणारा वापर त्वचेसाठी. नायटा, गजकर्ण, खरूज, जुनाट इसब यांवर मूळ पाण्यात उगाळून लेप लावतात किंवा पानं तेलात कढवून ते तेल चोळतात. याला ग्रंथांचाही आधार आहे. चरकसंहितेत कुष्ठघ्न, म्हणजे त्वचारोगांवर काम करणाऱ्या दहा द्रव्यांच्या गणात करवीर आहे. पण सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मुळात विष असणाऱ्या आठ वनस्पतींची गणना आहे आणि तिथेही हीच कण्हेर, अश्वमार या नावानं, हजर आहे. घोड्याला मारणारी म्हणून अश्वमार. परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी दोन्ही पानं उघडावीत.

तर मग लेप लावावा का? पोटात जात नाही तर बिघडलं कुठे, असं वाटणं साहजिक आहे. अडचण अशी की, नायटा खाजवून खाजवून सोललेला असतो, इसब ओलं असतं, खरजेच्या पुळ्या फुटलेल्या असतात. धड कातडी अडवते तेवढं विष अशी कातडी अडवत नाही. सोरायसिसवर कण्हेरीचा इलाज नुसता त्वचेवरून केलेल्या एका रुग्णाला पूर्ण हार्ट ब्लॉक झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. त्याशिवाय चिकानं कातडीची आग होते, फोड येतात, आणि मूळ दुखणं वाढलं की झाडाचा गुण येतोय असं समजून माणूस आणखी लेप थापतो. नायट्याला आज बुरशीनाशक मलम मिळतं, खरजेला परमेथ्रिन मिळतं. सरकारी दवाखान्यात विचारा. या दोन दुखण्यांसाठी कण्हेरीकडे वळण्याचं एकही कारण उरलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मूळव्याधीच्या कोंबांवर मुळाचा लेप लावण्याची चाल याहून वाईट, कारण तिथली त्वचा पातळ, ओली आणि बहुतेक वेळा रक्ताळलेली असते. डोक्यातल्या उवांसाठी पानांचं पाणी वापरतात. डोकं खाजवून टाळूवर ओरखडे पडलेले असतात, पाणी डोळ्यांत उतरतं, आणि हे सारं लहान मुलीच्या डोक्यावर चाललेलं असतं. दाट दातांची फणी आणि औषधाच्या दुकानातलं लोशन यात काय कमी आहे? गुडघेदुखीसाठी धड कातडीवर तेल चोळणं हा त्यातल्या त्यात कमी धोक्याचा वापर. पण गुडघ्याला आराम मिळतो तो चोळण्यानं आणि उबेनं, आणि ते तिळाच्या तेलानंही साधतं.

विंचू-सापावर मूळ उगाळून लावणं किंवा पाजणं हा इलाज तर मनातून काढूनच टाका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर उपाय एकच, प्रतिसर्पविष. कोकणातल्या विंचवासाठी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला, त्याला चार दशकं झाली. विंचवाचं विष हृदयावर जातं, कण्हेरीचंही हृदयावर. एका विषानं दमलेल्या हृदयावर दुसरं घालण्याचा हा प्रकार आहे.

तापावर साल, खोकल्यावर फुलं, 'हृदयाला बळ' म्हणून पानांचा काढा, वजन उतरवायला बिया, मुलं राहू नयेत किंवा राहिलेला गर्भ पडावा म्हणून मूळ: पोटात घ्यायचे हे सारे प्रकार एका ओळीत निकालात काढता येतात. यातला एकही करू नका. गर्भपातासाठी कण्हेरीचं मूळ वापरल्यानं बायका दगावल्याच्या नोंदी न्यायवैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत आहेत. आज गर्भपात कायदेशीर आहे आणि सरकारी रुग्णालयात होतो. ही गोष्ट घरातल्या, शेजारच्या, कामाला येणाऱ्या बाईला माहीत असणं हा कण्हेरीच्या मुळावरचा खरा उतारा.

वजनाचा मुद्दा मात्र थोडा खुलासा मागतो, कारण तो जुना नाही, अगदी ताजा आहे. परदेशात 'तेहोकोते मूळ' किंवा 'नुएझ दे ला इंडिया' या नावांनी वजन उतरवण्यासाठी तुकडे आणि बिया ऑनलाइन विकल्या जातात. अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणांनी २०२३ मध्ये तपासल्या तेव्हा अशा अनेक मालांत प्रत्यक्षात पिवळी कण्हेर निघाली. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर कळवा. 'इंडिया' हे नाव बघून आपला माणूस लवकर फसेल. कोविडच्या काळात ओलिअँड्रिनचा असाच गाजावाजा झाला होता. ते आहारपूरक म्हणून विकू द्यायला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये नकार दिला.

वैद्याचं औषध आणि व्हॉट्सॲपचा काढा

आयुर्वेदात करवीर उपविषांत धरलं आहे. उपविष थेट वापरत नाहीत. त्याचं शोधन करतात. मुळाची पुरचुंडी दोलायंत्रात टांगून गाईच्या दुधात शिजवणं ही त्याची रीत. त्यानंतरही त्याचा मुख्य वापर करवीराद्य तेलासारख्या, बाहेरून लावायच्या कल्पांत आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ या अनुसूचीत विषारी आयुर्वेदिक द्रव्यांची यादी आहे, तिच्यातही करवीर आहे. अशी द्रव्यं असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापावी लागते. म्हणजे कण्हेर औषधी आहे असं म्हणणारी परंपराच ती घरच्या पातेल्यात घालू नका असंही सांगते. निम्मं वाक्य व्हॉट्सॲपवर फिरतं, उरलेलं निम्मं गळून पडतं. करवीर असलेलं औषध घ्यायचंच असेल तर नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीवर, परवान्याचा क्रमांक छापलेलं घ्या. आठवडी बाजारात कागदाच्या पुडीत मिळणारी 'मुळी' नको. आणि डिगॉक्सिन चालू असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा पेसमेकर बसवलेला असेल, तर वैद्याला ते आधी सांगा.

कुणी खाल्लंच तर

मुलानं पान चघळलं, बिट्टी फोडून खाल्ली, आजोबांनी काढा प्यायला, असं कळताक्षणी रुग्णालय गाठा. लक्षणं दिसायची वाट बघू नका. ती तासाभरातही दिसतात आणि बऱ्याच उशिरानंही. सुरुवात बहुधा पोटापासून होते: मळमळ, उलट्या, पोटात कळ, जुलाब. तोंड बधिर होतं, चक्कर येते, ग्लानी येते, काहींना पिवळसर दिसू लागतं. नाडी मंद किंवा अनियमित लागते. बाहेरचं खाल्लं असेल, बाधलं असेल, असं म्हणून घरात बसण्याची चूक इथेच होते.

मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी काढू नका. दूध, तूप, लिंबू, चिंच काही देऊ नका. यातलं काहीही या विषाचा उतारा नाही, उलट ग्लानीत ते श्वासनळीत जाऊ शकतं. तोंडातले तुकडे काढा, चूळ भरायला लावा. चीक डोळ्यात गेला असेल तर साध्या पाण्याच्या धारेखाली पंधरा मिनिटं डोळा धुवा. झाडाची एक फांदी, फुलासकट, पिशवीत घालून बरोबर न्या किंवा फोनवर फोटो काढा. काय खाल्लं, किती वाजता, अंदाजे किती, हे कागदावर लिहून घ्या. रुग्णवाहिकेसाठी १०८. विषाबद्दल सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या 'एम्स'मधल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक आहे १८०० ११६ ११७. गावच्या डॉक्टरांनाही तो उपयोगी पडतो.

ईसीजी यंत्र असलेलं आणि जमलं तर तात्पुरता पेसमेकर बसवण्याची सोय असलेलं रुग्णालय निवडा. हृदयावर सतत लक्ष ठेवणं, पोटॅशियम तपासणं, लवकर पोचल्यास सक्रिय कोळसा, ठोके मंदावले तर ॲट्रोपिन, असा उपचार चालतो. डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडांचं इंजेक्शन हा खरा उतारा. पिवळ्या कण्हेरीच्या विषबाधेवर तो चालतो हे श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दाखवलं. पण ते इंजेक्शन अतिशय महाग आहे आणि आपल्याकडे क्वचितच मिळतं. उलट्या थांबल्या, आता बरं वाटतंय, म्हणून सही करून पेशंटला घरी नेऊ नका. किमान चोवीस तास निरीक्षण हवंच, आणि बिट्टीच्या बाबतीत ठोके त्यानंतरही बिघडू शकतात.

खाणं चुकून नव्हतं अशी शंका असेल, तर दवाखान्यात ती मोकळेपणानं सांगा. घरात कुणी फार खचलेलं दिसत असेल, तर 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, दिवसरात्र.

घर, देव्हारा, गोठा

पूजेत कण्हेर चालते, चालू द्या. शंकराला बिट्टीची पिवळी फुलं वाहतात, गणपतीच्या एकवीस पत्रींत करवीर आहेच, रुई आणि धोत्राही आहेत. फक्त देवाला वाहिलेलं फूल आणि देवाला दाखवलेलं ताट यांची गाठ पडू देऊ नका. नैवेद्यावर फूल ठेवायचं तर झेंडूचं किंवा गुलाबाचं ठेवा, नाहीतर तुळशीचं पान ठेवा. पंचामृतात, तीर्थात कण्हेरीची पाकळी पडू देऊ नका. पूजेनंतर हात धुवून मग प्रसाद वाटा. फुलदाणीतलं पाणी मांजर-कुत्र्याच्या तोंडाला लागेल असं उघडं ठेवू नका.

निर्माल्याचं काय करता, हे याहून महत्त्वाचं. गणपतीनंतर पत्रीचा ढीग 'गाईला घाला' म्हणून टाकला जातो, हे पुण्य गाईच्या जिवावर बेतू शकतं. ओली कण्हेर कडू लागते म्हणून गुरं सहसा सोडतात. पण वाळलेली पानं कडब्यात, गवतात मिसळली की त्यांना ओळखू येत नाहीत, आणि वाळल्यावरही विष तसंच असतं. म्हणून छाटणीचा पाला गोठ्याच्या बाजूला, बांधावर, शेळ्यांच्या वाटेवर कधीच टाकू नका. खड्डा खणून पुरा. जाळूही नका, धूर बाधतो. छाटताना हातमोजे घाला, बाह्या खाली ओढा, कात्री धुऊन ठेवा.

इथे एक सांगायला हवं. नेपोलियनच्या सैनिकांनी कण्हेरीच्या काड्यांवर मांस भाजलं आणि सगळे मेले, ही गोष्ट तुम्ही वाचली असेल. अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांनी अशा काड्यांवर सॉसेज भाजून तपासले, तेव्हा त्यांत उतरलेलं विष नगण्य निघालं. कण्हेरीच्या काड्या म्हणून स्वयंपाकात आणा असं नाही, पण असल्या गोष्टींनी नुकसानच होतं. सावलीत बसलं तरी माणूस मरतो, असं ऐकलेला मुलगा सावलीत बसून बघतो, काही होत नाही, मग तो खऱ्या सूचनेवरही विश्वास ठेवत नाही.

मुलांना खरं तेच सांगा: हात लावला तर हात धुवायचे, तोंडात घालायचं नाही. बिट्टीच्या आठळ्या सागरगोट्यांसारख्या खेळायला छान वाटतात, पण फोडल्या की आतली बी पांढरी, खाण्याजोगी दिसते. शाळेच्या, अंगणवाडीच्या आवारात बिट्टी नकोच. असेल तर फळं धरण्याआधी फुलं खुडून टाका आणि खाली पडलेली फळं रोज वेचा. निलगिरीची पानं वाफाऱ्याला तोडून आणणाऱ्यांनीही जपावं. कण्हेरीची पानं लांबट, दिसायला जवळची. निलगिरीचं पान चुरगळलं की वास घमघमतो, कण्हेरीचं नाही. शंका आली तर पान टाकून द्या, तेलाची बाटली आणा.

नव्यानं लावणार असाल तर खरी कण्हेर कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला, चालण्याच्या वाटेपासून हातभर दूर, विहीर-हौदापासून लांब लावा. पानं पाण्यात पडून कुजणं बरं नाही. रांगतं मूल घरात असेल, दारात शेळी बांधलेली असेल किंवा सगळं तोंडात घालणारं कुत्र्याचं पिल्लू असेल, तर दोनतीन वर्षं थांबा आणि तोवर जास्वंद, कोरांटी, अबोली लावा. आधीपासून असलेल्या झाडाच्या खालच्या फांद्या कमरेपर्यंत छाटल्या तरी रांगत्या मुलांचा हात तिथे पोचत नाही. छाटण्याआधी पानांच्या खालून एकदा बघून घ्या. काळसर तपकिरी 'कॉमन क्रो' फुलपाखराच्या अळ्या हीच विषारी पानं खाऊन वाढतात आणि त्यांचे कोश चांदीच्या पत्र्यासारखे लखलखीत असतात. कोश दिसले तर ती फांदी आठवडाभर राहू द्या.